डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे वस्तुसंग्रहालय

गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड पुढे भाऊ दाजी या नावाने साऱ्या मुंबईला परिचित झाले. १८५१ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून ते उत्तीर्ण झाले. गोरगरिबांना ते विनामूल्य औषध देत. रोग्यांतून सवड मिळाली की ताम्रपट, नाणी आणि अजिंठ्याचे शिलालेख यांत ते रमून जात.

कोटातील सरकारी वस्तुसंग्रह १८५७ च्या धामधुमीत जागेअभावी उधळला गेला. त्याला हक्काचे घर मिळावे म्हणून भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी १८५८ पासून वर्गणी उभारली. भायखळ्याच्या बागेत १८६२ मध्ये पाया घातला गेला. परंतु १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला. दात्यांचे हात आखडले, काम रखडले आणि खुद्द भाऊ दाजीही कर्जात बुडाले. अखेर सरकारी मदतीने इमारत पुरी होऊन १८७२ मध्ये ती लोकांस खुली झाली. दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ दाजी निवर्तले. दारावर नाव होते ते मात्र व्हिक्टोरिया राणीचे व तिच्या पतीचे. भाऊंचे नाव तेथे लागण्यास १९७५ साल उजाडावे लागले.

पण नुसत्या नावाने वास्तू तगत नाही. पावसाळ्यांनी भिंती ओलावल्या, रंगांच्या पुटांखाली छताची नक्षी दिसेनाशी झाली. २००३ मध्ये महापालिका व दोन खाजगी संस्था यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला. कारागिरांनी जुने रंग शोधून काढले, ओतीव लोखंडाच्या खांबांना व नक्षीला पूर्वीची झळाळी दिली. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला आणि २००८ मध्ये दालने पुन्हा उघडली. बाहेर राणीच्या बागेच्या हिरवाईत घारापुरीचा दगडी हत्ती आजही उभा आहे.

वर्गणी मागत दारोदार फिरणे आणि शतकानंतर गळके छप्पर दुरुस्त करणे, ही दोन्ही एकाच जातीची कामे होत. दोहोंतही टाळ्या थोड्या आणि चिकाटी फार लागते. कलेच्या विद्यार्थ्याने तेथे जावे तेव्हा कपाटातील वस्तूंबरोबर छताकडेही पाहावे. ते छप्पर उभे राहावे म्हणून एका वैद्याने आपले आयुष्य वेचले, याची आठवण ठेवावी.