वाळवंटी ताऱ्याचे नामकरण करणारे एसा ग्रे

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मोहावे वाळवंटात हिवाळ्यात पुरेसा पाऊस झाला, की वसंताच्या आरंभी रेताड जमिनीवर शुभ्र चांदण्या उमलतात. मध्यभागी पिवळी, भोवती पांढऱ्या पाकळ्या असलेली ही फुले इतकी जमिनीलगत असतात, की ती न्याहाळण्यासाठी पालथे पडावे लागते. 'वाळवंटी तारा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इवल्याशा वनस्पतीला शास्त्रात स्थान मिळवून देण्यात एसा ग्रे यांचा वाटा मोठा आहे.

ग्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूयॉर्क राज्यातील सॉकॉइट येथे झाला. १८३१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. परंतु त्यांचा ओढा वनस्पतींकडे होता. जॉन टॉरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वैद्यकी सोडली आणि १८४२ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८४४ च्या वसंतात जॉन फ्रेमाँट यांची मोहीम मोहावे ओलांडून परतली. वाटेत सिएरा नेव्हाडात खेचर दरीत कोसळून वनस्पतींचे गठ्ठे गेले होते. पुढे कॅन्सस नदीच्या पुराने उरलेल्यांतील बरेच नमुने नासविले. जे वाचले, ते टॉरी व ग्रे यांच्यापुढे आले. ग्रे यांनी तोवर ते वाळवंट पाहिलेले नव्हते. समोर होती ती केवळ वाळलेली रोपटी. त्यांतील एकाच्या बीजासारख्या फळाच्या टोकावर एकच केस होता आणि त्याचे टोक पिसासारखे होते. या खुणेवरून दोघांनी १८४५ मध्ये 'मोनोप्टिलॉन', म्हणजे 'एक पीस', ही नवी प्रजाती प्रसिद्ध केली.

पुढील दशकात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या फुलाचे नमुने ग्रे यांच्या हाती आले. त्याच्या फळावर अनेक केस होते. ग्रे यांनी त्याला 'एरेमिॲस्ट्रम', अर्थात वाळवंटी तारा, अशी स्वतंत्र प्रजाती मानले. पुढे १९०७ मध्ये हार्वे हॉल यांनी दोन्ही फुले एकाच प्रजातीत आणली. ग्रे यांनी आखलेली सीमा पुसली गेली. त्यांनी टिपलेली खूण मात्र टिकली. या दोन जाती ओळखताना आजही फळावरील केसच पाहावे लागतात.

जातींच्या सीमा अभेद्य नाहीत, हे ग्रे यांना अपरिचित नव्हते. १८५७ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी आपला अप्रकाशित सिद्धांत ज्या मोजक्या स्नेह्यांना कळविला, त्यांत ते होते. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही अमेरिकेत त्यांनी या सिद्धांताची जाहीर पाठराखण केली आणि त्यासाठी हार्वर्डमधील सहकारी लुई अगासी यांचा विरोधही पत्करला.

सुमारे दोन लाख नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी हार्वर्डच्या स्वाधीन केला. ३० जानेवारी १८८८ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. पुरातून वाचलेल्या एका रोपट्यावरील एकुलता केसही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्राची पायाभरणी अशा चिकाटीतून झाली.