हिरव्या रेषेचा निवाडा करणारे कावसजी नायगमवाला

22 जानेवारी 1898 रोजी चंद्राची छाया विजयदुर्गापाशी कोकण किनाऱ्याला टेकली. तेथून ती सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून ईशान्येकडे सरकली आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या परभणीच्या मुलखावरून वऱ्हाडाकडे निघून गेली. या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला, तर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला येऊन राहिले होते. जेऊरला आणखी एक तळ होता. तो होता पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा.

नायगमवाला यांचा जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली. या पैशातून वेधशाळा उभारण्याचे ठरले. नायगमवाला इंग्लंडला गेले, लॉकियर यांच्यासारख्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण हा विषय घेऊन परतले. 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा पुण्यात सुरू झाली. मुख्य परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील होती.

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांत एक वाद धुमसत होता. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असा लॉकियर यांचा सिद्धांत. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, ही त्यांची कल्पना याच आधारावर उभी होती. तसे असेल तर ती रेषा एका बाजूने विरत गेलेली दिसायला हवी. विल्यम हगिन्स यांचे मत उलट होते. म्हणजे सारा निवाडा एका रेषेच्या कडेवर येऊन ठेपला.

आणि कड पाहायची तर फोकस चोख हवा. गच्चीवर लहान दुर्बीण मांडणाऱ्या हौशी निरीक्षकालाही हे अनुभवाने ठाऊक असते. नेत्रिका पुढेमागे सरकवणाऱ्या दात्यांच्या चक्रात केसभर ढिलाई असली, तरी तारा फुगून ठिपक्याचा गोळा होतो. रात्र गार होत जाते तसतशी नळी आखडते आणि मघाशी जुळवलेला फोकस पुन्हा सुटतो. म्हणून तर जुन्या दुर्बिणीची ही एवढीशी जोडणी बदलून घेण्यासाठी हौशी मंडळी जिवाचे रान करतात. वर्णपटदर्शकात ही अडचण दुणावते. प्रतिमा नेमकी चिरेवर पडली पाहिजे आणि चीर अरुंद असली पाहिजे. नाहीतर स्वच्छ रेषाही धूसर दिसते आणि यंत्राचा दोष आकाशाच्या माथी मारला जातो.

नायगमवाला यांनी वेगवेगळ्या स्थितींत ती रेषा पाहिली. प्रत्येक वेळी ती तीक्ष्णच दिसली. 1891 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी हा निष्कर्ष छापला. ज्या लॉकियरांच्या सल्ल्याने वेधशाळेची दिशा ठरली, त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध पारतंत्र्यातील एका देशी अध्यापकाने साक्ष दिली होती. याला धैर्य लागते, आणि त्याहून अधिक, स्वतःच्या यंत्रावर विश्वास लागतो.

जेऊरला तर चूक सुधारायला सवडच नव्हती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. फोकस आधीच बसवून ठेवायचा आणि मग छायाचित्रे घेत सुटायचे. त्यांना सूर्याच्या वर्णावरणाचे व प्रभामंडळाचे वर्णपट मिळाले. सविस्तर अहवाल 1902 मध्ये वेधशाळेने प्रसिद्ध केला.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. त्यांची जागा चालवणारा दुसरा कोणी तयार करण्याची निकड सरकारला वाटली नाही, ही खंत राहतेच. यंत्रे कोडाईकनालला गेली. त्यांत 20 इंची आरशाची दुर्बीणही होती; ती पुढेही भावनगर दुर्बीण म्हणूनच ओळखली गेली.

हिरव्या रेषेचे कोडे 1927 मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी सोडवले. ती मॅग्नेशियमची नव्हतीच. अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. नायगमवाला तेव्हा हयात होते. 1938 मध्ये त्यांचे निधन झाले.