राजर्षी शाहू छत्रपती आणि माळावरील शिकार

राजेलोकांच्या चरित्रांत शिकारीचे प्रकरण आले म्हणजे बालवाचक ते मोठ्या चवीने वाचतात आणि विचारी पालक ते पान लवकर उलटतात. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या चरित्रातील हे प्रकरण मात्र वगळून चालण्यासारखे नाही, असे आम्हांस वाटते. ज्या माळावर ते काळविटांमागे धावले, त्याच माळावर त्यांना त्यांची अत्यंत उपेक्षित प्रजा भेटली. आणि ज्या छंदात ते रमले, त्याच छंदाने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दारुण दुःख त्यांच्या पदरी घातले.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी झाला. मूळ नाव यशवंतराव. अगदी लहानपणी मातेचे छत्र हरपले. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक येऊन ते शाहू छत्रपती झाले. राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात व पुढे धारवाड येथे फ्रेझर या गुरूंच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यसूत्रे हाती घेतली. शरीराने ते धिप्पाड होते. कुस्ती, घोडदौड व शिकार यांची त्यांना विलक्षण आवड होती.

त्या काळी कोल्हापूरची शिकार चित्त्यांसाठी सर्व हिंदुस्थानात नावाजलेली होती. ही शिकार कशी चाले, ते आमच्या विद्यार्थ्यांस थोडक्यात सांगतो. पकडून माणसाळविलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्यास गाडीवर बसवीत. त्याला सांभाळणारा व शिकविणारा जो सेवक, त्यास चित्तेवान म्हणत. माळावर चरणारे काळविटांचे कळप माणसास पाहताच उधळत. परंतु शेतकऱ्यांच्या गाड्या त्यांच्या नित्य परिचयाच्या असल्याने गाडीला ते फारसे भीत नसत. गाडी हळूहळू जवळ नेऊन, चांगले शिंगाळे काळवीट हेरून, चित्तेवान टोपी काढी व साखळी सोडी. मग क्षणार्धात सारा खेळ होई. चित्त्याइतके वेगाने धावणारे जनावर भूतलावर दुसरे नाही. पण त्याचा हा वेग काही शे हातांपुरताच टिकतो. तेवढ्यात काळवीट सापडले तर चित्ता त्याचा गळा धरी. न सापडले तर तो धापा टाकीत तेथेच थांबे. शिकार साधल्यास चित्तेवान धावत जाऊन त्यास त्याचा वाटा देई आणि टोपी पुन्हा डोळ्यांवर चढवी. खरी विद्या पाहू जाता राजाची नव्हे, चित्तेवानाची होती. वारा कोणीकडचा, कळप किती सावध, गाडी कोठवर न्यावी, हे सर्व तो सांगे आणि छत्रपतीही ते मुकाट्याने ऐकत.

या विद्येचे दुसरे जाणकार म्हणजे फासेपारधी. फास लावून जनावर धरणारे म्हणून हे नाव. शिकविलेल्या बैलाच्या वा गाईच्या आडोशाने कळपापर्यंत पोहोचण्याची त्यांची हातोटी अशी की हरणांनाही संशय येत नसे. रानातील चित्ते पकडून देण्याचे कामही देशात बहुधा पारध्यांकडेच असे. परंतु ज्यांच्या कसबावर राजेलोकांची करमणूक अवलंबून, त्यांनाच सरकारचा कायदा जन्मजात चोर ठरवीत होता. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याच्या तत्त्वाप्रमाणे अशा जमातीत जन्मास येणे हाच जणू अपराध झाला. निरपराध माणसांनी नित्य हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असा तो जाच होता.

शाहू महाराजांनी या लोकांस पाहिले ते कागदपत्रांत नव्हे, तर माळरानावर. उपाशी पोटी चोरी करणारा मनुष्य पोट भरल्यावर चोरी का करील, असा साधा विचार त्यांनी केला. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे त्यांनी फासेपारध्यांना आश्रय दिला, राहण्याची सोय केली, कामधंदा दिला. आणि ज्यांना जग चोर म्हणे, त्यांनाच आपल्या निवासस्थानाचे पहारेकरी नेमले. विश्वास टाकल्याने माणूस विश्वासास पात्र होतो, हे त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या जिवावर पडताळून पाहिले. 1918 साली त्यांनी आपल्या संस्थानातील हजेरीची दुष्ट पद्धतही बंद केली. इंग्रजांचा तो कायदा देशातून नाहीसा होण्यास 1952 साल उजाडावे लागले.

त्याच 1918 सालच्या जून महिन्यात महाराजांवर वज्राघात झाला. त्यांचे धाकटे चिरंजीव राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी इंदुमती यांचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. विवाह होऊन जेमतेम वर्ष झाले होते. रूढीने त्या बालविधवेसाठी अंधाऱ्या खोलीचा कोपरा राखून ठेवला होता. परंतु पुत्रशोकाने खचलेल्या त्या पित्याने रूढीला जुमानले नाही. सोनतळीस सुनेची व्यवस्था करून, सोबतीस इतर मुली ठेवून, त्यांनी तिच्या शिक्षणाचा आरंभ केला. पारध्यांना जेथे आसरा मिळाला, तेथेच एका राजस्नुषेला विद्येचा आसरा मिळाला. याच इंदुमती राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले.

महाराजांची इतर कार्ये सुप्रसिद्ध आहेत. 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा 50 जागा राखून ठेवण्याचा हुकूम, 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा, राधानगरीच्या धरणाचा आरंभ, नाना जातींच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे, यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत असतोच. 6 मे 1922 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

शिकारीचे मात्र काय झाले? माणसाळविलेल्या चित्त्यांची वीण क्वचितच होई; म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. माळ नांगराखाली गेले, हरणे घटली, चित्ते संपत आले, आणि पुढे संस्थानिकांना ते आफ्रिकेतून आणवावे लागले. 1952 साली हिंदी चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटास अभय मिळाले. आज अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे त्यांचे अभयारण्य आहे. 2022 साली नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. कोल्हापूरच्या छत्रपतींचे राधानगरी-दाजीपूरचे शिकारीचे रानही आता गव्यांचे आश्रयस्थान झाले आहे. एका राजाचा छंद म्हणून या शिकारीचे समर्थन आम्ही करीत नाही. मुके जनावर करमणुकीसाठी मारणे आम्हांस रुचत नाही.

परंतु विद्यार्थिमित्रांनो, शिकारीस जाणारे राजे पुष्कळ झाले. वाट दाखविणाऱ्या माणसाकडे वळून, तू जेवलास काय, तुझे घर कोठे, असे विचारणारे थोडेच. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथून आमच्या वर्गांत येणाऱ्या मुलांना घर या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको. उल्हासनगर तर फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत मिळालेल्या आसऱ्यातूनच उभे राहिले, आणि 1949 साली त्यास हे नाव मिळाले. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-आजींनी त्या बराकींत रात्री काढल्या आहेत. आज आपल्या स्टेशनाबाहेर अथवा पुलाखाली पाल ठोकून राहणारे एखादे कुटुंब दिसले, तर त्यास चोर म्हणण्यापूर्वी सोनतळीच्या पहारेकऱ्यांची आठवण ठेवा. आणि त्या पालातील एखादे मूल उद्या तुमच्या बाकावर बसावयास आले, तर थोडे सरकून त्यास जागा करून द्या.