चुनखडीच्या खाणीतला डॉक्टर

ऑगस्ट १९३६. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या वायव्येला असलेल्या स्टर्कफोन्टेनच्या चुनखडीच्या खाणीत काळा सूट आणि ताठ कॉलर घातलेले एक गृहस्थ दगडांच्या ढिगाऱ्यात वाकून हाडे शोधत होते. ते होते डॉ. रॉबर्ट ब्रूम. वय ६९. या वयात माणसे पेन्शनीत निघतात. ब्रूम यांचे सर्वांत मोठे काम तेव्हा कुठे सुरू होत होते.

स्कॉटलंडमधील पेझली गावी १८६६ मध्ये त्यांचा जन्म झाला. ग्लासगोला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते आधी ऑस्ट्रेलियात आणि १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. काही वर्षे स्टेलनबॉशला प्राणिशास्त्र व भूविज्ञान शिकवले, एरवी खेड्यांत दवाखाना चालवला. रोग्यांमधून सवड मिळाली की कारू प्रदेशातील सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म हाताशी असतच. सस्तन प्राणी कोणत्या सरीसृपांतून आले, यावरील त्यांच्या कामामुळे १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले.

१९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी ताउंगच्या चुनखडीच्या खाणीत सापडलेली बालकाची कवटी मानवाच्या पूर्वजाची असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमधील बड्या तज्ज्ञांनी ते वानराचे पिल्लू ठरवून विषय संपवला. वानराचे पिल्लूही लहानपणी माणसासारखे दिसते, हा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. ब्रूम डार्ट यांच्या बाजूने उभे राहिले. पण वाद मिटवायला प्रौढाची कवटी हवी होती.

ती चुनखडीतच मिळण्याची आशा होती, कारण तिथले भूविज्ञान. स्टर्कफोन्टेनचा मूळ डोलोमाइट खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचला. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पावसाच्या पाण्याने तो झिजून आत गुहा झाल्या. कालांतराने छताला भोके पडली. त्यांतून माती, दगड आणि प्राण्यांची हाडे आत पडली. चुनायुक्त पाण्याने हे सारे सिमेंटसारखे घट्ट बांधले. या मिश्रणाला ब्रेशिया म्हणतात. खाणवाल्यांना मात्र गुहेत साचलेला शुद्ध चुना हवा होता. हाडे भरलेली ब्रेशिया त्यांच्या दृष्टीने टाकाऊ.

१७ ऑगस्टला खाणीचे व्यवस्थापक जी. डब्ल्यू. बार्लो यांनी सकाळच्या सुरुंगात सुटून निघालेला एक दगड ब्रूम यांच्या हाती ठेवला. तो कवटीच्या पोकळीत तयार झालेला मेंदूचा ठसा होता. लगेच शोध घेतल्यावर कवटीचे इतर भागही मिळाले. प्रौढ कवटी मिळाली! दोनच वर्षांनी जवळच्या क्रोमड्राईला एका शाळकरी मुलाकडच्या दातांवरून आणखी एका, दणकट जबड्याच्या जातीचा माग लागला.

युद्धानंतर स्मारक आयोगाने सोबत भूवैज्ञानिक असल्याशिवाय खोदू नये, अशी अट घातली. भूविज्ञान शिकवलेल्या माणसाला ती झोंबली. पण आयोगाचे म्हणणे चुकीचे नव्हते. सुरुंगाने हाड कोणत्या थरातले, हे कळण्याची खूणच उडते. आणि वय ठरते ते थरावरून. एप्रिल १९४७ मध्ये ब्रूम आणि त्यांचे सहकारी जॉन रॉबिन्सन यांना मिळालेली जवळजवळ संपूर्ण कवटी सुरुंगामुळेच दोन तुकड्यांत फुटली होती. तिलाच पुढे ‘मिसेस प्लेस’ नाव पडले. ती मादी की नर, हा वाद अजून आहे आणि वयाबद्दलही तज्ज्ञांचे एकमत नाही. काही तिला वीस-पंचवीस लाख वर्षांची मानतात, तर काही त्याहून बरीच जुनी.

त्याच वर्षी डार्ट यांचे जुने विरोधक आर्थर कीथ यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. ब्रूम तोवर ८० वर्षांचे झाले होते आणि खाणीतून बाहेर येण्याचे नाव घेत नव्हते. पुढे त्यांनी जवळच्या स्वार्टक्रान्सलाही खोदकाम सुरू केले. तिथल्या जीवाश्मांवरच्या ग्रंथाचे शेवटचे काम हातावेगळे करून ६ एप्रिल १९५१ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.