एका तारेपासून सुरू झालेला जिमी हेंड्रिक्स

किन्हवली, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात एप्रिल महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून गाण्याच्या तालमी सुरू होतात. ढोलकी, खंजिरी, पेटी आणि बेंजो एवढ्यावर आमची गायन पार्टी उभी राहते. आता या मेळ्यात एका नव्या वाद्याची मागणी होऊ लागली आहे, ती इलेक्ट्रिक गिटारची. दहावी-बारावीची पोरे मोबाईलवर पाहून हवेत बोटे फिरवतात आणि घरी हट्ट धरतात. यावर वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप असतात. एक, हे श्रीमंतांच्या पोरांचे थेर आहेत, आपले नव्हे. दोन, गुरू नाही, क्लास नाही, आसनगावला जाऊन लोकल पकडून कल्याण गाठायचे तर रोजचे भाडे कोण देणार? हे आक्षेप कष्टाच्या पैशातून आलेले आहेत, म्हणून आम्ही त्यांची टिंगल करणार नाही. परंतु ज्या माणसाने हे वाद्य साऱ्या जगाच्या कानात बसवले त्याचा जन्म कुठल्या घरात झाला आणि तो कसा शिकला, हे आमच्या समाजबांधवांना ठाऊक असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याचे नाव जिमी हेंड्रिक्स. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. आई ल्युसील अवघी सतरा वर्षांची. बाप अल हेंड्रिक्स तेव्हा सैन्यात होता. आईने ठेवलेले जॉनी अॅलन हे नाव बापाने परतल्यावर बदलून जेम्स मार्शल केले. घरात दारिद्र्य, दारू आणि भांडणे. १९५१ साली आईबापांचा घटस्फोट झाला. धाकटी भावंडे सांभाळायला दुसऱ्यांच्या घरी गेली. १९५८ साली आईही वारली. बाप लोकांच्या बागा साफ करून पोट भरायचा. जिमी डावखुरा होता आणि बापाला डाव्या हाताचे काम खपत नसे. आमच्याकडेही डाव्या हाताने घास घेणाऱ्या पोराच्या हातावर चापट बसते, अंधश्रद्धेला देश नसतो!

शाळेत असताना हा मुलगा झाडू हातात धरून गिटार वाजवल्याचे सोंग करीत असे. १९५७ साली बापासोबत एका म्हातारीच्या घरची अडगळ उपसताना त्याला युकुलेली नावाचे छोटे तंतुवाद्य कचऱ्यात सापडले. त्याला एकच तार उरली होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी शोधू लागला. कुठला सूर कुठे दडला आहे हे बोटाने चाचपायचे, चुकले की पुन्हा चाचपायचे. पुढे पाच डॉलरला एक जुनी साधी गिटार मिळाली. १९५९ साली बापाने पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, पण तिच्यासोबत अॅम्प्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती. इलेक्ट्रिक गिटार विजेशिवाय अगदी क्षीण वाजते. तरीही पोरगा कान लावून तासन् तास बसायचा. किन्हवलीत लाईट गेल्यावर तालीम बंद करणाऱ्या आमच्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्याच कार्यक्रमात, एका ज्यू प्रार्थनास्थळाच्या तळघरात, त्याने जरा जास्तच उड्या मारल्या म्हणून मध्यंतरातच त्याला काढून टाकण्यात आले. ती गिटारही पुढे चोरीला गेली. बापाने दुसरी घेऊन दिली. ज्या बापाला आम्ही वर नावे ठेवली, त्याच्या खात्यावर हेही जमा केले पाहिजे.

इथे वाद्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. साध्या गिटारचा आवाज तिच्या लाकडी पोटातून येतो. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसते. तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत नाममात्र वीज उत्पन्न होते आणि अॅम्प्लिफायर तिला मोठे करून स्पीकरमधून बाहेर फेकतो. आमच्या बेंजोला जो पिकअप बसवतात त्याचेही काम तेच, तारेच्या थरथरीची वीज करायची. म्हणजे ज्याला परके म्हणून हिणवले जाते त्याचा भाऊबंद आमच्या मिरवणुकीत केव्हाच सामील झालेला आहे.

आणि हे वाद्य श्रीमंतांनी मोठे केले असेही नाही. ते तयार झाले १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाने त्याला जाझच्या वाद्यवृंदात मानाची जागा मिळवून दिली आणि १९४२ साली, पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. सिस्टर रोझेटा थार्प या कृष्णवर्णीय स्त्रीने चर्चच्या भजनांत इलेक्ट्रिक गिटार गाजवली. मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यावरचा मजूर १९४३ साली शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात आवाज पोहोचावा म्हणून त्याने विजेची गिटार उचलली. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांचा हा वारसा आहे. सिएटलचा पोरगा याच मडी वॉटर्सच्या, बी. बी. किंगच्या तबकड्या ऐकून शिकला. नोटेशन त्याला शेवटपर्यंत वाचता आले नाही.

१९६१ साली चोरीच्या मोटारीत दोनदा सापडल्यावर त्याच्यापुढे तुरुंग किंवा सैन्य असा पर्याय आला. त्याने सैन्य पत्करले. छत्रीधारी दलात असताना बिली कॉक्स हा बास गिटार वाजवणारा मित्र मिळाला. १९६२ साली सैन्यातून सुटका झाली आणि मग सुरू झाली खरी शाळा. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात, नाट्यगृहात मज्जाव होता. म्हणून काळ्यांच्या क्लबांची आणि सभागृहांची एक वेगळी साखळीच उभी राहिली होती, तिला चिटलिन सर्किट म्हणत. पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर ज्यांना अडवले गेले त्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जिमीने या साखळीत गावोगाव फिरून मोठ्या गायकांच्या मागे उभे राहून साथ केली. आयझली ब्रदर्स झाले, लिटल रिचर्ड झाले. साथीदाराने मागे उभे राहून ताल धरायचा, मालकापेक्षा भारी कपडे घालायचे नाहीत, वेळेवर यायचे असा तिथला शिरस्ता. जिमीचे यावरून खटके उडत.

पण याच काळात त्याचा हात तयार झाला. आजची पोरे थेट वेगवान तुकडे वाजवायला धावतात. जिमीने आधी तीन-चार वर्षे ठेका धरला. कर्टिस मेफिल्डच्या पद्धतीने सुरांचा जुडगा धरतानाच त्यात चालीचे बारीक तुकडे कसे पेरायचे, हे तो साथ करता करता शिकला. उजव्या हाताची गिटार उलटी धरायची, तारा उलट क्रमाने बसवायच्या आणि डाव्या हाताने छेडायचे, ही त्याची सोय. त्याचा अंगठा लांब होता. तो मानेवरून पुढे घेऊन तो खर्जाची तार दाबायचा, म्हणजे उरलेली चार बोटे चालीसाठी मोकळी राहायची. तारा अर्धा सूर उतरवून लावायचा, त्यामुळे त्या सैल पडत आणि तार ओढून मींड काढणे सोपे जाई. दातांनी वाजवणे, डोक्यामागे धरून वाजवणे यावर लोक टाळ्या पिटत, पण त्या युक्त्याही त्याच्या आधीच्या काळ्या कलावंतांच्याच. टी-बोन वॉकर फार पूर्वी गिटार डोक्यामागे धरून वाजवत असे. म्हणजे या पोराला गुरू नव्हता असे नाही, त्याचे गुरू शेकड्याने होते, फक्त त्यांच्याकडे शाळेची इमारत नव्हती. आमचे वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर ओळखायला शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले, त्यांची तरी शाळा कुठे होती?

न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली चास चँडलर या इंग्रज वादकाने त्याला ऐकले आणि २४ सप्टेंबरला लंडनला नेले. तिथे मिच मिचेल आणि नोएल रेडिंग यांना घेऊन त्रिकूट उभे राहिले. मे १९६७ मध्ये पहिली तबकडी निघाली, जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीच्या महोत्सवात त्याने मंचावर गिटार पेटवून दिली आणि ज्या अमेरिकेने त्याला मागे उभे केले होते तिने त्याला डोक्यावर घेतले. आम्हाला स्वतःला ती जाळपोळ आवडत नाही. आठ-आठ महिने पैसे साठवून वाद्य घेणाऱ्यांच्या वस्तीत ती कुणालाच आवडणार नाही. त्याचे मोठेपण दुसरीकडे आहे. सभेत माईक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते आणि साऊंडवाला धावत येतो. स्पीकरमधला आवाज पुन्हा यंत्रात शिरून गोल फिरत राहिल्याने हे होते. सगळे ज्या आवाजाला दोष समजून टाळत होते, तो जिमीने सुरात आणला. स्पीकरपासून किती अंतरावर, कुठल्या कोनात उभे राहिले की कुठला सूर लांबत राहतो, हे त्याने शरीराने पाठ केले होते.

१८ ऑगस्ट १९६९ रोजी वुडस्टॉकच्या महोत्सवात त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. चार लाखांवर जमलेली गर्दी सोमवारच्या सकाळपर्यंत बरीचशी पांगली होती. व्हिएतनामवर बॉम्ब पडत होते. राष्ट्रगीताच्या ओळखीच्या चालीतून विमानांची घरघर आणि स्फोट ऐकू येऊ लागले. शब्द एकही नव्हता. राष्ट्रगीताचा अपमान झाला म्हणून काहींनी ओरड केली. छत्रीधारी दलातून आलेल्या माणसाला देशभक्ती शिकवायला निघालेले हे लोक कोण होते?

मात्र आपल्या लोकांत त्याची स्थिती अवघड होती. काळ्यांची रेडिओ केंद्रे त्याला फारशी वाजवत नसत, त्याचा श्रोता बहुतांशी गोरा होता. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांना वाटे, याने उघड भूमिका घ्यावी. (याच संघटनेवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.) जिमी बराच काळ अंतर राखून होता, आणि हे अंतर आम्हाला खटकते. ५ सप्टेंबर १९६९ ला तो हार्लेममध्ये रस्त्यावर फुकट कार्यक्रम द्यायला गेला तेव्हा मंचाकडे अंडीही भिरकावली गेली. तो वाजवत राहिला. पुढे बिली कॉक्स आणि बडी माइल्स या दोन कृष्णवर्णीय साथीदारांना घेऊन त्याने १९६९-७० च्या नववर्षाच्या रात्री न्यूयॉर्कला नवा संच उभा केला, आणि युद्धावरचे एक लांबलचक गाणे व्हिएतनाममधल्या तसेच शिकागो, मिलवॉकी आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लढणाऱ्यांना अर्पण केले. आमच्या मते त्याची भूमिका शोधायची असेल तर ती तिथे शोधावी.

आता ज्यासाठी आम्ही ही कहाणी सांगायला बसलो ती गोष्ट. ऑक्टोबर १९६५ मध्ये, कफल्लक असताना, जिमीने एड चाल्पिन नावाच्या निर्मात्याच्या करारावर सही केली. मुदत तीन वर्षे, हाती एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. नंतर तो हा कागद विसरूनही गेला. निर्माता विसरला नाही. जिमी जगप्रसिद्ध होताच तो कागद घेऊन कोर्टात उभा राहिला. तडजोडीत एक संपूर्ण तबकडी देऊन टाकावी लागली, आणि ती नेमकी त्या नववर्षाच्या कार्यक्रमाची होती. ज्याच्या बोटांत सारे जग होते त्याला एक कागद वाचता आला नाही! शिक्षणाचा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उगाच धरला नव्हता. आमच्या भीमगीतांच्या कॅसेट घरोघरी वाजल्या, परंतु किती गायकांच्या, किती ढोलकीवाल्यांच्या घरात त्याचा पैसा पोहोचला, हे ज्याचे त्याने आपल्या वस्तीत विचारून पाहावे.

जिमीला उशिरा का होईना जाग आली. स्वतःचा स्टुडिओ असावा म्हणून त्याने कर्ज काढून न्यूयॉर्कला इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ बांधला. २६ ऑगस्ट १९७० ला त्याचे उद्घाटन झाले. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक होऊन, उलटीने गुदमरून तो मेला. वय सत्तावीस. नशेने हा माणूस खाल्ला, हे लपवून त्याचा फोटो भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. स्टुडिओच्या उद्घाटनानंतर तो महिनाभरही जगला नाही. मृत्युपत्र केलेले नव्हते. हक्क बापाकडे आले खरे, पण कारभार वकिलांच्या हाती राहिला. बागा साफ करणाऱ्या त्या बापाने उतारवयात कोर्टाची पायरी चढून १९९५ साली पोराच्या गाण्यांचे हक्क परत मिळवले आणि २००२ मध्ये तो वारला.

किन्हवली परिसरातल्या ज्या पोरांच्या हाती सेकंडहँड गिटार आली आहे, त्यांनी पहिले सहा महिने फक्त ढोलकीबरोबर ठेका धरावा. आणि जयंतीचे गाणे रेकॉर्ड करून मोबाईलवर सोडण्याआधी ते कोणी लिहिले, चाल कोणाची, बेंजो कोणी वाजवला, गिटार कोणी वाजवली, पैसे आले तर कोणाला किती, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. वाचून घ्याव्यात.