सेल गेला, आकडा राहिला

गॅदरिंगच्या प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते आणि माझ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या डोक्यातून सगळं गेलं. म्हणजे अक्षरशः सगळं! मामेभावाने परदेशातून आणलेला हा डबा आमच्या परीक्षेत चालत नाही, पण त्यात प्रोग्राम लिहिता येतो. दहा दिवस खपून मी त्यात कापरेकरांचा 6174 बसवला होता. स्क्रीन फिकट दिसायला लागली म्हणून चारही पेन्सिल सेल एकदम काढले, यवतमाळच्या दत्त चौकातून आणलेले नवीन घातले, चालू केला... मेमरी कोरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतो आणि मग तिथून हलत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये असताना मला रामानुजन माहीत होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नव्हते. हा माणूस आपला, डहाणूचा, हे मला फार उशिरा कळलं. जन्म 17 जानेवारी 1905. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलाला नाद लागला आकड्यांचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे 1927 साली स्वतंत्र संशोधनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. 1929 साली बी.एस्सी. झाले आणि पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. 1930 पासून 1962 पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. बस्स.

पण या मास्तरांनी संख्यांना काय काय नावं दिली! मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनवरून डेम्लो संख्या. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या त्या हर्षद. 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. अशा संख्यांना आज त्यांचंच नाव आहे. मला सगळ्यात आवडतात त्या स्वयंभू. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते : 15 पासून 21. पण काही संख्या अशा कुणापासूनच तयार होत नाहीत. 20 तशी आहे. (माझं वय 20, म्हणून जरा जास्तच आवडते.)

आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हे पोरखेळ वाटत. कापरेकर स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापत, परिषदांना जात. 6174 त्यांना 1949 मध्ये सापडला. खिशातला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर तेव्हा जगात कुठेच नव्हता. कागद, पेन्सिल आणि ढीगभर वजाबाक्या. त्यांचं नाव जगभर झालं ते 1975 मध्ये, अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर. तोपर्यंत सर सत्तरीत पोचले होते, पत्नी 1966 मध्येच गेली होती, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या चालू होत्या. हे वाचलं तेव्हा मला राग आला, अजूनही येतो. 1986 मध्ये ते गेले.

तर, कॅल्क्युलेटर. बिघाड निघाला फालतू. प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि रॅमला सतत वीज लागते. मोठे सेल काढले की तेवढ्या वेळापुरतं एक बटण सेल तिला सांभाळतं. ते मागच्या कप्प्यात स्क्रूखाली असतं, त्यामुळे मला दिसलंच नव्हतं. लॅबमधल्या मल्टिमीटरवर धरलं तर 3 व्होल्टच्या जागी 1 सुद्धा नाही. कधीचं मेलेलं! घड्याळाच्या दुकानातून नवीन घेतलं आणि मोठे सेल जागेवर ठेवूनच बसवलं. दोन्ही एकाच वेळी काढायचे नाहीत, हे ज्याच्याकडे असला डबा असेल त्याने लिहून ठेवा. आणि प्रोग्राम आर्काइव्हमध्ये हलवा. ती फ्लॅश मेमरी असते, सेल गेले तरी पुसली जात नाही.

गेलेला प्रोग्राम मात्र परत येणार नव्हता. कागदावर एकही ओळ उतरवलेली नव्हती, शहाणपणा सगळा मशीनवर सोडलेला. रात्री लाइट गेली होती. मेणबत्तीशी बसून आधी हातानेच वजाबाक्या केल्या. सरांचं जन्मवर्ष घेतलं, 1905 : 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176, 6174. बरोबर सात! मग 1986 घेतलं. पहिल्याच वजाबाकीला 8172, म्हणजे तीच वाट, फक्त एक पायरी कमी.

लाइट आल्यावर प्रोग्राम पुन्हा टाइप केला. आधी वहीत, मग मशीनमध्ये.