उरलेल्या हाडाचे मोल

एकोणिसाव्या शतकातले ग्लासगो म्हणजे कोळशाच्या धुरात बुडालेले शहर. ऊन अंगावर पडायचे नाही, त्यामुळे मुडदूस झालेल्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकत. विल्यम मॅक्युअन (१८४८–१९२४) हे सर्जन छिन्नीने नडगीच्या हाडातून पाचर काढून असे पाय सरळ करीत. काढलेली पाचर फेकून द्यायची, हाच तेव्हाचा रिवाज.

१८७९ मध्ये एक लहान मुलगा त्यांच्याकडे आला. पू होऊन त्याच्या दंडाचे बहुतेक हाड गेले होते आणि हात नुसता लोंबत होता. मॅक्युअन यांनी त्या पाचरींचे बारीक तुकडे केले आणि ते तीन वेळा थोडेथोडे त्याच्या दंडात बसवले. माणसाचे हाड दुसऱ्या माणसात रुजवण्याचा हा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग. लिस्टर यांच्याकडून उचललेली निर्जंतुकतेची शिस्त नसती, तर तो पुवातच संपला असता. सुमारे तीस वर्षांनी त्यांनी त्या रुग्णाला पुन्हा तपासले, तेव्हा हात कामाचा होता.

मात्र हे तुकडे स्वतःच जगतात आणि वाढतात, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. दात्याचे हाड बहुतांशी सांगाड्याचे काम करते. रुग्णाच्या पेशी त्यात शिरतात, जुने हाड हळूहळू खातात आणि नवे घालतात. घोटा किंवा टाचेकडचे झिजलेले सांधे कायमचे जोडताना हेच घडते. कूर्चा खरवडून, पोकळीत हाड भरून स्क्रूने आवळतात. एरवी भरायचे हाड रुग्णाच्याच कमरेतून काढावे लागते आणि ती जखम पुष्कळदा पायापेक्षा जास्त ठणकते. दात्याचे हाड वापरले, तर वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या रुग्णाचाही हा त्रास वाचतो. मुंबईत टाटा रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या ऊती पुरवते. खुब्याचा सांधा बदलताना निघालेला मांडीच्या हाडाचा गोळाही असाच कामी येतो. मात्र तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह असेल, तर हाड कोणाचेही असो, सांधा जुळायला अडतो.

पहिल्या महायुद्धात ज्यांचे पायच गेले, त्यांच्यासाठी उतारवयातल्या मॅक्युअन यांनी ग्लासगोजवळ एर्स्किन येथे १९१६ मध्ये रुग्णालय उभारायला पुढाकार घेतला. तिथले लाकडी पाय घडवायला त्यांनी क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीतले कारागीर हाताशी धरले.